घरात शस्त्र ठेवावं का? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आसपासच्या सोसायटीत घरफोडी झाली की हे प्रश्न एकदम वाढतात. खालची माहिती मुख्यतः बृहन्मुंबईत राहणाऱ्यांसाठी आहे. कायदा देशभर एकच असला तरी अर्ज कुठे करायचा आणि घराची रचना कशी आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

फ्लॅटच्या संरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर हवं आहे. परवाना मिळेल का?

वयाची २१ वर्षं पूर्ण असतील तर अर्ज करता येतो. मिळेलच असं नाही. आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीत सरकार परवाना देतं आणि काढूनही घेतं. नियम साधारण तीन प्रकारच्या लोकांचा विचार करतात. व्यवसायामुळे किंवा अन्य कारणाने जिवाला, मालमत्तेला खरोखर धोका असलेले, नेमबाजीचे सक्रिय खेळाडू, आणि सैन्यदल, केंद्रीय सशस्त्र दल किंवा पोलिसांत असलेले किंवा तिथून निवृत्त झालेले.

बहुतेक अर्ज एका शब्दावर अडतात. कारणाच्या रकान्यात ‘स्वसंरक्षण’ लिहून लोक मोकळे होतात. धोका तुम्हालाच का आहे, हे त्यातून कळत नाही. सोन्याचा व्यापार, रोकड घेऊन रोजचा प्रवास, खंडणीचे फोन असं काही असेल तर त्याचे कागद जोडा: तक्रारीची पोच, एफआयआरची प्रत, व्यवसायाची नोंदणी, बँकेत रोकड भरल्याच्या स्लिपा. ‘शेजारच्या विंगमध्ये चोरी झाली’ हे कारण लंगडं आहे, आणि आमच्या मते लंगडंच असायला हवं. त्याचं उत्तर सेफ्टी डोअरमध्ये आहे.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

बृहन्मुंबईत परवाना देणारे अधिकारी पोलिस आयुक्त. त्यांचं कार्यालय क्रॉफर्ड मार्केटसमोर. ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर-वसई-विरार यांची स्वतंत्र आयुक्तालयं आहेत. त्यापलीकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. अर्ज ‘ए-१’ नमुन्यात, राष्ट्रीय शस्त्र परवाना पोर्टलवरून भरतात. सोबत फोटो, ओळखीचा, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, शारीरिक व मानसिक आरोग्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र लागतं.

मग प्रकरण स्थानिक पोलिस ठाण्याकडे जातं. कर्मचारी घरी येतो, शेजाऱ्यांकडे चौकशी करतो, गुन्ह्यांची नोंद तपासतो. अहवालासाठी नियमांत ३० दिवस दिलेत. कागदावरची मुदत आणि खरा वेळ यांत फरक पडतो, तेव्हा पोच सांभाळून ठेवा.

दोन चुका फार होतात. पहिली पत्त्याची. आधारवर गावचा पत्ता, राहायला भाड्याच्या घरात आणि ११ महिन्यांचा करार संपत आलेला, अशा अवस्थेत अर्ज केला की पडताळणीच अडकते. आधी कागद एका पत्त्यावर आणा. दुसरी लपवाछपवीची. निर्दोष सुटलेला जुना खटला किंवा भांडणाची एखादी अदखलपात्र तक्रार बरेच जण सांगत नाहीत. पोलिसांच्या नोंदीत ती निघतेच, आणि मग अर्ज खटल्यामुळे नाही, खोट्या माहितीमुळे फेटाळला जातो.

अर्ज नाकारला तर कारणं लेखी नोंदवणं बंधनकारक आहे. आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्याच्या गृह विभागाकडे अपील करता येतं. मुदत ३० दिवसांची. परवाना मिळालाच तर तो २०१९ च्या दुरुस्तीनुसार ५ वर्षांसाठी असतो, आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ शस्त्रं. प्रत्येक परवान्याला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर असतो. तो नसलेला जुना परवाना आज चालत नाही.

कोणतं शस्त्र घेता येतं?

नागरिकांना ‘नॉन-प्रोहिबिटेड बोअर’मधलं, म्हणजे ज्याच्या नळीच्या मापावर बंदी नाही असं. घरासाठी लोक साधारण .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, नाहीतर छर्रे उडवणारी बारा बोअरची बंदूक घेतात. नुसत्या मापाकडे पाहू नका. रिव्हॉल्व्हरची रचना सोपी. चक्र बाहेर काढलं की काडतूस आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, राहू शकते, आणि ‘रिकामं आहे’ म्हणून घडणारे अपघात याच एका गोळीचे असतात. नवख्या माणसाने हा फरक किमतीच्या आधी विचारात घ्यावा.

एअरगन, तलवार, मिरीचा स्प्रे यांना परवाना लागतो का?

.१७७ म्हणजे ४.५ मिमीपर्यंतचं बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. मात्र ती दरोडेखोरावर रोखली तर त्याला ती खरीच वाटेल आणि तो तसाच वागेल. हातात खेळणं आणि समोर खरा चाकू, ही सर्वांत वाईट स्थिती.

धारदार शस्त्र घेऊन रस्त्यावर फिरण्यावर मुंबईत महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात. मिरवणुकीत तलवार नाचवणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात ते याही आदेशांच्या आधारे.

मिरीच्या स्प्रेला परवाना नको. डब्यावरची अंतिम तारीख पाहा, जुन्या डब्यातला दाब गेलेला असतो. दहा बाय दहाच्या खोलीत मारलात तर तुमचेही डोळे जळणार, म्हणून मागे सरकत, दाराबाहेर मारायचा.

घरात चोर शिरला तर गोळी झाडता येते का?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खासगी बचावाची जुनी कलमं ९६ ते १०६ आता ३४ ते ४४ झाली. आशय जवळपास तोच आहे.

शरीराचा बचाव आणि मालमत्तेचा बचाव हे दोन वेगळे हक्क आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीरावरचा हल्ला मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारा असेल, किंवा बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा हेतूचा असेल, तर कलम ३८ नुसार हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हक्क पोचतो. प्रत्यक्ष वार होईपर्यंत थांबावं लागत नाही, भीती वाजवी असली की हक्क सुरू होतो. भीती संपली की हक्कही संपतो.

मालमत्तेसाठी कलम ४१ आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशी चोरी किंवा गृहअतिक्रमण, एवढ्याच प्रसंगी जीव घेण्यापर्यंत जाता येतं. उन्हाळ्यात चाळीत दार उघडं टाकून झोपलेल्यांचा उशाजवळचा मोबाइल उचलणारा पोरगा यात बसत नाही. त्याने काही फोडलेलं नाही, कोणाला धमकावलेलं नाही. त्याला पकडता येईल, ढकलता येईल, हातातला मोबाइल हिसकावता येईल. गोळी नाही.

या सगळ्यावर कलम ३७ चा लगाम आहे. बचावाला गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच मिळत नाही. रात्री खिडकीचा गज कापून आत आलेला माणूस तुम्हाला पाहून परत खिडकीकडे वळला आणि गोळी पाठीत लागली, तर ‘रात्रीची घरफोडी’ हे शब्द तुम्हाला फारसे वाचवणार नाहीत. बचाव करताना सद्भावनेने मर्यादा ओलांडली गेली असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो. तुरुंगवास त्यातही आहे.

बचाव होता हे दाखवायची जबाबदारी आरोपीची. ते निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरतं. जीव धोक्यात असलेल्या माणसाने बळाचा वापर सोन्याच्या काट्यावर तोलून करावा अशी अपेक्षा नाही, हेही न्यायालयांनी वारंवार म्हटलं आहे.

अमेरिकेत घरात शिरणाऱ्यावर थेट गोळी झाडतात. आपल्याकडे तसं का नाही?

तिथल्या अनेक राज्यांत घरात जबरदस्तीने शिरणाऱ्यापासून जिवाला धोका होता, असं कायदा आधीच गृहीत धरतो. आपल्याकडे ते गृहीत धरलं जात नाही, परिस्थितीवरून दाखवावं लागतं. पळून जाण्याची सक्ती मात्र आपल्याकडेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या मुन्शी राम खटल्यातच ते स्पष्ट केलं. व्हिडिओ पाहून तिथला कायदा इथे लागू आहे असं समजणारे बरेच भेटतात. त्यांनी वरचं उत्तर पुन्हा वाचावं.

कायद्यात बसलं तरी ते योग्य आहे का?

आमचं मत सरळ आहे. वस्तूसाठी जीव घेऊ नये. दागिने लॉकरमध्ये ठेवता येतात, घराचा विमा काढता येतो, फोनचं सिम बंद करता येतं. घरातल्या माणसाच्या अंगावर कोणी येत असेल तर हिशेब बदलतो, आणि तिथे हात आखडणं हेही योग्य म्हणता येणार नाही. म्हाताऱ्या आईच्या गळ्याशी सुरा असताना ‘त्याचीही मजबुरी असेल’ हा विचार पोकळ आहे.

अवघड असतो तो मधला प्रदेश. अंधारात दिसलेली आकृती कोण आहे हेच माहीत नसतं. टॉवरमध्ये सगळे मजले सारखे दिसतात. चुकीच्या मजल्यावर लिफ्टमधून उतरून तुमच्या दाराशी खटपट करणारा पिऊन आलेला शेजारी, चावी हरवलेला तुमचाच मुलगा, धूर झाल्यावर मिळेल त्या दारातून पळणारा माणूस, यांची सावली चोरासारखीच पडते. समोर कोण आहे आणि त्याच्या हातात काय आहे हे दिसल्याशिवाय चापाकडे बोट नेणं अनैतिक आहे, मग नंतर तो चोर निघाला तरीही. टॉर्च न ठेवता पिस्तूल ठेवणाऱ्याने तयारी अर्धीही केलेली नसते.

आणखी एक गोष्ट लोक टाळतात. धाक दाखवायला शस्त्र काढायचं आणि वापरायचं मात्र नाही, हा बेत समोरचा डगमगला नाही तर कोसळतो. घर लहान असतं, दोन पावलांत तो शस्त्राला हात घालतो. वापरायची मनाची तयारी नसेल तर शस्त्र घेऊच नका. त्यात कमीपणा काही नाही.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये गोळी कुठवर जाते?

तुमच्या घराबाहेर, बहुधा. फ्लश डोअर, प्लायचं कपाट, जिप्समचं पार्टिशन आणि काच यांतून पिस्तुलाची गोळी आरपार जाऊ शकते. आरसीसीच्या भिंतीवर किंवा ग्रॅनाइटवर आपटली तर दिशा बदलून कुठेही जाते. बेडरूमच्या त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा पाळणा असू शकतो. बचाव करताना निरपराध माणसाला इजा होण्याची जोखीम कायद्याने मान्य आहे ती फक्त प्राणघातक हल्ला होत असताना आणि दुसरा मार्ग नसताना. मालमत्तेसाठी नाही.

बारा बोअरबद्दल एक गैरसमज फार जुना आहे: ‘नेम धरावा लागत नाही, छर्रे पसरतात.’ हॉलच्या दहा-बारा फुटांत एल.जी. किंवा एस.जी. या जाड छर्‍यांच्या काडतुसांचे छर्रे फार तर तळहाताएवढे पसरतात. नेम चुकला तर सगळेच चुकतात. आणि बंद खोलीतला आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो. त्यानंतर कान वाजत राहतात, घरच्यांची हाक किंवा फोनवरचा पोलिसही नीट ऐकू येत नाही.

शस्त्र घरात ठेवायचं कसं?

उशीखाली नाही, माळ्यावर नाही, साड्यांच्या घडीत तर नाहीच. मुलांना आणि घरकामाला येणाऱ्यांना घरातली प्रत्येक जागा माहीत असते. भिंतीला किंवा जमिनीला अँकर बोल्टने पक्की केलेली लोखंडी तिजोरी घ्या. नुसती ठेवलेली छोटी तिजोरी चोर उचलूनच नेतो. काडतुसं वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या किल्लीने. ‘मग ऐनवेळी कसं काढणार?’ असं विचारतात. खरं आहे, वेळ लागतो. लहान मुलं असलेल्या घरात तो वेळ लागणंच बरं. रोज घडू शकणारा अपघात क्वचित येणाऱ्या दरोड्यापेक्षा मोठा धोका आहे.

जूनपासून मुंबईची हवा शस्त्र खाते. चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलेलं रिव्हॉल्व्हर पावसाळ्यात हमखास गंजतं, कारण चामडं ओल धरतं. तिजोरीत सिलिका जेलची पिशवी ठेवा आणि तिचा रंग बदलला की ती बदला किंवा तापवून कोरडी करा. महिन्यातून एकदा शस्त्र काढा. आधी रिकामं करा, चेंबर डोळ्यांनी पाहा, मग बोट घालून पुन्हा तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. नळीतून सॉल्व्हंट लावलेला ब्रश फिरवा, मग कोरडी चिंधी स्वच्छ निघेपर्यंत, आणि शेवटी तेलाचा हलका हात. तेल ओतू नका. जास्तीचं तेल काडतुसाच्या टोपीत झिरपलं की ते काडतूस फुसकं निघतं.

रेंजवर चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून ३० सेकंद थांबा, मग उघडा. काडतुसातली दारू उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर दुसरी गोळी मुळीच झाडू नका. पहिली नळीतच अडकलेली असू शकते.

रात्री कोणी दार फोडत असेल तर नेमकं काय करायचं?

घरच्यांना एका खोलीत घ्या, दार आतून लावा, ११२ ला फोन करा. इमारत, विंग, मजला आणि जवळची खूण सांगा. घरात परवान्याचं शस्त्र आहे हेही सांगून ठेवा, म्हणजे आत येणारे पोलिस दचकणार नाहीत. मोठ्याने ओरडा: ‘पोलिसांना फोन केलाय.’ दिवे लावा, इंटरकॉमवरून वॉचमनला उठवा. शेजारी भिंतीपलीकडेच आहेत. मुंबईच्या दाटीचा एवढा फायदा तरी घ्यावा.

चोराला शोधत खोल्या धुंडाळू नका. कोपऱ्यामागे थांबलेल्याला तुम्ही आधी दिसता. तुम्ही एका जागी, दाराकडे तोंड करून असाल तर निर्णय घ्यायला वेळ मिळतो, आणि नंतर ‘मी थांबलो होतो, तो आत आला’ हे पुराव्यातूनच दिसतं.

गोळी झाडली गेली. पुढे काय?

धोका टळला असेल तर बोट चापावरून काढा, शस्त्र सुरक्षित जागी ठेवा. ११२ आणि १०८, दोन्ही फोन करा. जखमी हल्लेखोरालाही जखमेवर कापड दाबून मदत करा. ती माणुसकी आहे, आणि तुमचा हेतू काय होता याचा पुरावाही. रक्त पुसू नका, पडलेली काडतुसांची रिकामी खोकी उचलू नका, तुटलेली कडी नीट करू नका. पंचनामा होईल, शस्त्र जप्त होईल आणि तपासणीला कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाऊ शकतं. गोळी किती अंतरावरून, कोणत्या कोनातून झाडली हे तिथे पाहतात.

जागेवरच्या वस्तू किती बोलतात याचं मुंबईतलं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे १९५९ चा नानावटी खटला. तिथे प्रश्न घराच्या बचावाचा नव्हता. झटापटीत रिव्हॉल्व्हर उडालं, असा बचाव होता. मयताच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता, ही साधी गोष्ट त्या कथेविरुद्ध गेली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली.

पोलिसांना घटना थोडक्यात आणि खरी सांगा, सविस्तर जबाब वकिलाशी बोलून द्या. सोसायटीच्या ग्रुपवर एक अक्षरही टाकू नका. गुन्हा दाखल होईल, अटकही होऊ शकते, परवाना निलंबित होईल. बचाव मान्य झाला तरी त्याला वर्षं लागू शकतात.

ग्रिलला करंट सोडला तर?

नको. स्वतःच्या जागेत उघडी तार सोडल्याने शेजारीण मेली, त्या चेरुबिन ग्रेगरी खटल्यात १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. तारेला चोर आणि पाइप दुरुस्त करणारा प्लंबर यांतला फरक कळत नाही.

परवाना नवऱ्याच्या नावावर आहे. तो बाहेरगावी असताना बायकोने शस्त्र वापरलं तर?

जीव वाचवण्याचा हक्क तिलाही तितकाच आहे. पण परवान्यात नाव नसताना शस्त्र ताब्यात ठेवणं हा वेगळा प्रश्न उभा राहतो. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं कैद आहे. लांब जाणार असाल तर शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात जमा करा आणि पावती घ्या.

घरात कोणी नैराश्यात असेल, खूप पीत असेल तर?

शस्त्र आजच घराबाहेर जमा करा. आत्महत्येचा विचार अनेकदा थोड्या वेळाचा असतो. हाताशी बंदूक असली की त्यातून मागे फिरायला जागा उरत नाही. टेली-मानसचा क्रमांक १४४१६, फोन मोफत. परत घेण्याची घाई करू नका, आणि ‘किल्ली लपवून ठेवली आहे’ यावर विसंबू नका.

निवडणुकीत शस्त्र जमा करावंच लागतं का?

आचारसंहितेच्या काळात छाननी समिती ठरवते. नोटीस आली तर मुदतीत जमा करा. आली नसेल तर पोलिस ठाण्यात विचारून घ्या. पावतीवर शस्त्राचा नंबर आणि काडतुसांची संख्या तिथेच ताडून पाहा.

आजोबांची ठासणीची बंदूक कोकणातल्या घरी आहे. आजोबा गेले. आता?

शेतीसंरक्षणाचा तो परवाना त्यांच्याबरोबर संपला. ‘भिंतीवर शोभेला आहे’ म्हणून चालत नाही. ती विनापरवाना बंदूकच ठरते. स्वतः गाडीत घालून मुंबईला आणू नका, वाटेत नाकाबंदी लागली तर सांगायला काही उरणार नाही. गावच्या पोलिस ठाण्याला मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना दाखवून बंदूक तिथे जमा करा, पावती घ्या. ठेवायची असेल तर वारस म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करा. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, आणि बहुतेक प्रकरणं अडतात ती इथेच, दोन भावांच्या सहीवर. ठेवायची नसेल तर परवानाधारक विक्रेत्याला विकता येते किंवा सरकारजमा करता येते.